अकरा ते सहा

"भाऊ, एक विनंती आहे. आज तेवढं बंद करून चालू करू नका."

नेट कंपनीतून दुरुस्तीला आलेल्या काकांचा हात राउटरच्या स्विचपर्यंत पोहोचला होता, तो तिथेच थांबला. तीन जिने चढून लागलेली धाप अजून बसली नव्हती, खांद्यावरची पिशवी उतरवली नव्हती, आणि आल्या आल्या हे!

"मावशी, तो आमचा पहिला उपाय असतो," ते म्हणाले.

"पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच." मावशी वॉकरवर दोन्ही हात रोवून उभ्या होत्या. "चौथ्यांदा येताय तुम्ही. तीन वेळा बंद करून चालू केलंत, तीन वेळा 'पाच-दहा मिनिटं द्या त्याला, येईल' म्हणालात आणि गेलात. आज दोन वाजता तुमच्या फोनवरच्या मुलीनेही तेच करायला लावलं. काही उपयोग नाही. आता त्याला हात लावू नका बरं."

बोलणं शांत होतं, पण काकांना ते लागलं. ऑफिसात त्यांना रिस्टार्टकाका म्हणत. पोरंटोरं तोंडावर म्हणत आणि ते हसून घेत. सत्तावन्न वर्षांचं वय, त्यातली एकतीस वर्षं याच कामात गेलेली. आधी टेलिफोनचे खांब चढले, मग तांब्याच्या तारा ओढल्या, आता फायबरची काचेची तार. दर पाच वर्षांनी सगळं नवीन शिकायचं आणि शिकून होतंय तोवर ते जुनं व्हायचं. या सगळ्या धबडग्यात एकच गोष्ट कधी बदलली नव्हती. डबा बंद करायचा, तीसपर्यंत आकडे मोजायचे, चालू करायचा. दहापैकी सात घरांत तेवढ्यानेच भागायचं. उरलेल्या तीन घरांसाठी मग डोकं चालवायचं. पण अलीकडे डोकं चालवायला वेळच कुठे असायचा? एका घराला पंचवीस मिनिटं, दिवसाला बारा घरं, आणि गुडघे तर केव्हाच राजीनामा देऊन बसलेले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. खोली ओळखीची झाली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर दोन डबे. एक कंपनीचा, ज्यात बाहेरून तार यायची. त्याच्यापुढे दुसरा, मावशींच्या यजमानांनी स्वतः आणून बसवलेला जुना राउटर. भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ. त्यात तीनला दहा कमी होते.

लॅपटॉप काढून त्यांनी जुन्या डब्याला तार जोडली. नेट फर्रकन धावलं. वेग चांगला, तार चांगली, कुठे खोट म्हणून नाही.

"बघा मावशी, इथपर्यंत सगळं व्यवस्थित येतंय."

"आणि इथे?" मावशींनी टॅब पुढे केला. वायफायच्या पट्ट्या पुऱ्याच्या पुऱ्या, पण पान काही उघडेना. पांढऱ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं.

काकांनी टॅब हातात घेतला. टॅब नवा कोरा होता. दुसऱ्या खेपेला त्यांनीच तक्रारीच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'ग्राहकाचं उपकरण सदोष.' वरून मावशींना तोंडी सांगितलंही होतं, "तुमचा टॅब जुना झालाय, तो बदला." मावशींनी बिचाऱ्यांनी बदलला. नव्याचंही तेच रडगाणं.

"कंट्रोलला विचारतो," म्हणून ते उठले.

घरात मोबाईलला रेंज नव्हती. बोलायचं तर जिन्यात जायला लागायचं. तिथे एक प्लास्टिकची खुर्चीच कायमची ठेवलेली होती. काकांच्या मनात आलं, म्हणजे दोन वाजता मावशी इथे बसून हेल्पलाइनशी बोलल्या असणार. फोनवरची मुलगी म्हणाली असेल 'राउटर बंद करा', की वॉकर टेकत आत. 'आता चालू करा' म्हणाली, की पुन्हा बाहेर.

"काका, तारेवर नेट आहे ना?" कंट्रोलवरच्या बाईंनी विचारलं. त्या सुपरवायझर होत्या, स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतंच. "मग तुम्ही कशाला जीव काढताय? पुढचं ग्राहकाचं. वायफाय आपल्यात येत नाही. तक्रार क्लोज करा आणि पुढे निघा."

"चौथी खेप आहे, मॅडम."

"म्हणूनच म्हणते. चौथीला क्लोज नाही झाली ना, तर तुमच्या नावावर उघडी राहील. मग वरून मला विचारतात. मागच्या महिन्यात दोन होत्या तुमच्या. आणखी एक झाली तर तुम्हाला वाचवायला मी काही करू शकणार नाही हं."

काका आत आले तेव्हा मावशी टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात एक लांबडी जुनी वही उघडून ठेवलेली.

"काय म्हणाले?"

"तारेपर्यंत आमचं काम चोख आहे, म्हणाले."

"म्हणजे चाललात?"

काकांनी पिशवीचा बंद हातात धरला.

"चार वाजता यांचा कॉल असतो," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. घरचं कशाला सांगायचं, नेट दुरुस्त करा एवढं सांगितलं की झालं, असं वाटलं. पण आता सांगते. यांना विसरण्याचा आजार आहे. घरी मीच बघत होते. मग माझा खुबा मोडला. पडले न्हाणीत, दुसरं काय. मला कोणी उठवायचं आणि यांना कोणी सांभाळायचं? म्हणून त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. इथून सहा तास लांब आहे. जवळ कुठे जागाच नव्हती. डॉक्टर म्हणाले, तीन महिने प्रवास नाही. तिथे रोज चार ते सव्वाचार टॅबवर भेटू देतात. संध्याकाळ झाली की हे बिथरतात, म्हणून चारच. पहिला महिनाभर रोज भेटलो आम्ही. बोलायचे, हसायचे. मग एकोणीस दिवसांपूर्वी इथली वीज सकाळभर गेली, आणि तेव्हापासून बंद."

"साधा फोन लावून बघायचा ना."

"कान गेलेत त्यांचे. नुसता आवाज त्यांना पोहोचत नाही, तोंड दिसावं लागतं. एकदा जिन्यात बसून मोबाईलवर लावून बघितलं. माझं चित्र तोंड वासलेलं तसंच गोठलं. ते घाबरले. सिस्टरना म्हणाले, ही बाई कोण?"

मावशींनी वहीवरून हात फिरवला.

"ही बाई कोण, म्हणाले," त्या पुन्हा म्हणाल्या. "रोज चारला त्यांना खुर्चीत बसवतात, ते रिकाम्या पडद्याकडे बघतात आणि मग चिडतात. काल सिस्टर म्हणाल्या, 'आजी, उद्या शेवटचं बघू. नाहीतर ही वेळ आम्हाला दुसऱ्यांना द्यावी लागेल, यांना उगाच त्रास होतो.' त्यांचंही बरोबरच आहे हो. पण भाऊ, मी चालायला लागले की त्यांना आणायला जाणार आहे. तेव्हा त्यांनी मला ओळखलं तर पाहिजे ना? परक्या बाईबरोबर ते कशाला येतील घरी?"

काकांनी हातातला बंद सोडला. घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"ती वही कसली?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नेट कधी येतं, कधी जातं, ते लिहून ठेवलंय. हे कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकावरच्या खिडकीत बसून कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, ते लिहायचे. मी तिथेच पॅकिंगला होते. रोज चार मिनिटं उशीर लावायचे मला! बस उशिरा यायची, मी काय करू? महिनाभर भांडले. मग काय, लग्नच केलं." मावशी पहिल्यांदा किंचित हसल्या. "लग्नानंतरही उशीरच लावायचे. त्यांचीच वही आहे ही, कोरी राहिलेली. म्हटलं, काहीतरी लिहीत बसू."

काकांनी चष्मा वर सरकवून वही जवळ ओढली. रकाने आखलेले होते. 'गेलं' आणि 'आलं'. वीज गेली त्या दिवशी, वीज परत आली एकला, नेट आलं सातला. पुढचे काही दिवस बाराला गेलं, सातला आलं. मग काकांची पहिली खेप, लाल शाईत: 'भाऊ आले, अकराला बंद-चालू केलं.' त्यानंतर दहाला गेलं, पाचला आलं. दुसऱ्या खेपेनंतर नऊ चाळीसला गेलं, चार चाळीसला आलं. तिसरीनंतर साडेअकरा आणि साडेसहा. एक दिवस सुटला नव्हता.

एकतीस वर्षांत इतकी नीट तक्रार त्यांच्याकडे कुणी केली नव्हती. लोक सांगायचे, 'कधीही जातं हो, सारखं जातं.' आणि हे सगळं मागच्या खेपेलाही याच टेबलावर असणार. त्यांनी विचारलंच नव्हतं.

पण वही वाचून प्रकाश पडला म्हणावं, तर तोही नाही. तार गरम होत असेल? शेजारच्याचं काही? काहीच लागू पडेना. शेवटी त्यांनी पिशवीतून टाचणी काढली.

"हे काय?"

"डब्याला मागे एक बारीक भोक असतं. त्यात ही खुपसली की डब्यातलं सगळं पुसून जातं. दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा. मग कंट्रोलकडून आकडे घेऊन सगळं नव्याने भरायचं. मला एवढं एकच दिसतंय आता."

"यांनी लावलेलं सगळं जाईल?"

"सगळं."

मावशी डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. पुसा. चारला चालू झालं म्हणजे झालं. फक्त एक करा भाऊ. पूर्वी तुम्ही कसं रात्री अकराला नेट बंद करायचात आणि सकाळी सहाला सोडायचात, तसं परत सुरू करा. आता रात्रभर चालूच असतं. मग मी जागतच बसते टॅब घेऊन. झोपेचं खोबरं झालंय नुसतं."

काका टाचणी भोकाशी नेत होते. हात थांबला.

"आम्ही? आम्ही कुठे बंद करतो रात्रीचं नेट?"

"अहो, करायचात की! किती वर्षं. अकराच्या ठोक्याला बंद. मी बहिणीशी गप्पा मारत असायचे, अर्ध्या वाक्यात तोंड बंद व्हायचं. हे म्हणायचे, 'कंपनीचा नियम आहे, झोप आता.'"

"मावशी, असा कुठल्याच कंपनीचा नियम नसतो."

काकांनी टाचणी टेबलावर ठेवली. वही ओढून त्यांनी बोटांवर मोजलं. बारा ते सात, सात तास. दहा ते पाच, सात तास. नऊ चाळीस ते चार चाळीस. साडेअकरा ते साडेसहा. सगळीकडे सातच. आणि रात्री अकरा ते सकाळी सहा?

"मावशी," त्यांनी विचारलं, "या डब्यात घड्याळ असतं. ते कोण लावायचं?"

"डब्यात घड्याळ?"

"आत असतं, दिसत नाही. एरवी ते बाहेरून, नेटवरूनच वेळ घेतं."

"बाहेरून?" मावशी म्हणाल्या. "हे घेऊ देणार नाहीत. स्वतःच्या हाताने लावलेल्या घड्याळाशिवाय कशावर विश्वास नव्हता त्यांचा. रेडिओची वेळसुद्धा चुकीची म्हणायचे. दर रविवारी घरातली सगळी घड्याळं लावत बसायचे, आणि मग त्या टेबलाशीही बसायचे काहीतरी करत. मला वाटायचं, पत्ते खेळतात."

काकांनी लॅपटॉपवर डब्याचं पान उघडलं. पासवर्ड मागितला. डब्याच्या पाठीवर छापलेला घालून पाहिला, चालला नाही. कंपनीचा नेहमीचा घातला, तोही नाही. तीन वाजून बावीस मिनिटं.

"काही लिहून ठेवलंय का त्यांनी कुठे?"

"घड्याळाचं काही असेल, तर ते घड्याळातच असणार. त्यांच्या वस्तू कधी जागा सोडत नाहीत." मावशी उठायला लागल्या. काकांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतःच जाऊन मोठ्या घड्याळाचं काचेचं दार उघडलं. आत किल्ली होती. किल्लीमागे, लाकडाला टेकवून, एक घडी घातलेला कागद.

"तो होय? दर रविवारी किल्ली देताना दिसतो. मी समजत होते, दुकानदाराची पावती आहे."

कागदावर बारीक, एकसारखं अक्षर. हजेरीपटावर आयुष्य घालवलेल्या माणसाचं. 'रविवार. पहिलं मोठं घड्याळ. मग हातातलं. मग डबा. मध्ये वीज गेली तर डबा त्याच दिवशी.' आणि खाली, 'डब्याचं कुलूप: हिचं तिकीट.'

"तिकीट म्हणजे?"

मावशींनी कागदावरच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"कारखान्यात प्रत्येकाला नंबर असायचा. फाटकावर खिडकीशी आलं की नाव नाही सांगायचं, तिकीट सांगायचं. माझं अकराशे सत्तेचाळीस."

काकांनी आकडे घातले. पान उघडलं.

वरच्या कोपऱ्यात डब्याची वेळ होती. बाहेर खिडकीत टळटळीत ऊन होतं आणि डब्यात मध्यरात्र उलटून एक तास सव्वीस मिनिटं झाली होती. तारीख कुठल्याशा जुन्या वर्षाच्या पहिल्या दिवसाची. काकांनी भिंतीकडे पाहिलं, तीन सव्वीस. दोन वाजता मावशींनी डबा बंद करून चालू केला, त्या क्षणी डब्यात रात्रीचे बारा वाजले. आणि खालच्या बाजूला नियमांच्या पानावर एकच ओळ होती. वायफायवरची सगळी यंत्रं, रात्री अकरा ते सकाळी सहा, बंद. नियमाला नाव द्यायच्या जागी त्या माणसाने लिहिलं होतं, 'झोप'.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मारून घ्यायचा म्हणून नव्हे, खरोखरच मारला.

"काय झालं हो?"

आता सांगायचं कसं? गप्प बसून वेळ लावून टाकली असती तर मावशींना काय कळणार होतं? 'झालं मावशी' म्हणायचं आणि निघायचं. पण समोर नवा टॅब होता आणि लाल शाईतल्या तीन ओळी होत्या.

"मावशी, तुमच्या यजमानांनी या डब्याला सांगून ठेवलंय, अकरा ते सहा नेट देऊ नकोस. तुम्ही झोपावं म्हणून. घड्याळ बरोबर होतं तोवर सगळं बरोबर चाललं. एकोणीस दिवसांपूर्वी वीज गेली आणि डबा वेळ विसरला. ते घरी असते तर त्याच दिवशी त्यांनी लावली असती. ते नव्हते. वीज परत आली की हा डबा समजतो, आता रात्रीचे बारा वाजले. मग सहा तास, आणि पुढे रोज भरदिवसा त्याची रात्र झाली की सात तास, तो कुणाला काही देत नाही." त्यांनी वही पुढे सरकवली. "आणि आम्ही जेव्हा जेव्हा बंद करून चालू केला, तेव्हा तेव्हा त्याचे पुन्हा बारा वाजवले. मी तीनदा. तुमचं नेट मीच घालवत होतो. तार लावून बघायचो, तारेला तो नियम लागू नाही, म्हणून मला सगळं ठीक दिसायचं. तुमच्या टॅबला काहीही झालं नव्हतं. चूक माझी आहे."

मावशी रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे कंपनीचा नियम नव्हताच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला बनवलं की या माणसाने!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"किती वाजले सांगा," काका म्हणाले. त्यांचं मनगट रिकामं नव्हतं, खिशात मोबाईलही होता. पण त्यांनी विचारलं.

मावशींनी मान वर करून मोठ्या घड्याळात पाहिलं. "तीन एकतीस."

काकांनी तेवढेच आकडे भरले आणि बटण दाबलं. दोन-तीन सेकंद काहीच घडलं नाही. मग टेबलावरचा टॅब टुणकन वाजला. पुन्हा वाजला. अडकून पडलेले निरोप एकामागून एक येत राहिले. मावशींनी टॅब दोन्ही हातांनी धरला आणि छातीशी घेतला.

"आता ऐका. पुन्हा वीज गेली की पुन्हा हेच होणार. म्हणून मी वेळ बाहेरून घ्यायला सांगतोय त्याला. त्यांना चालणार नाही, मला माहीत आहे. पण चारची वेळ परत चुकायला नको."

"घेऊ दे. त्यांना सांगू नका म्हणजे झालं."

"आणि तो अकरा ते सहाचा नियम? काढून टाकू?"

"नको!" मावशी एवढ्या घाईने म्हणाल्या की काका दचकले. "तो राहू दे. अकराला मला झोपवतंय ना कोणीतरी, राहू दे."

काकांनी त्या ओळीला हात लावला नाही. लॅपटॉप मिटला, तार गुंडाळली. घड्याळात चारला पंचवीस कमी होते. पुढच्या घराची वेळ केव्हाच टळून गेली होती. आता निघायला हरकत नव्हती, पण पाय निघेनात. मावशींनी केस सारखे केले, पदर नीट केला, टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मग पुन्हा केस सारखे केले. काकाही बसून राहिले. कुणी बसा म्हटलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नव्हतं.

चारला टॅब वाजला. पडद्यावर आधी सिस्टरचा चेहरा आला. "आजी! आलात तुम्ही! थांबा हं, फिरवते." चित्र हललं आणि खुर्चीतले म्हातारे दिसले. दाढी केलेली, मांडीवर चादर, मनगटात पट्ट्याचं घड्याळ. ते पडद्याच्या कडेला कुठेतरी बघत होते.

"अहो," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पाहिलं. एखाद्या ऑफिसात रांगेतल्या माणसाकडे बघावं, तसं.

"अहो, मी आहे. ऐकताय का? इकडे बघा, माझ्या तोंडाकडे बघा."

सिस्टर मागून मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, कोण आहे बघा बरं!" म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. हात चादरीवर अस्वस्थ हलायला लागला. काकांना ते बघवेना. त्यांनी नजर खाली घातली, आणि एकोणीस दिवसांतले किती आपल्यामुळे वाया गेले ते मोजायला लागले.

मावशींनी वॉकरला धरलं आणि फाटकावरच्या खिडकीशी ताठ उभं राहावं तशा त्या खुर्चीत सरळ झाल्या. तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं, आणि एकेक आकडा ओठांवर सुटा करून म्हणाल्या,

"अकराशे सत्तेचाळीस."

म्हाताऱ्यांचा हात थांबला. त्यांनी आधी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. उजव्या हाताचं बोट चादरीवर डावीकडून उजवीकडे सरकलं, एक रकाना भरल्यासारखं.

"हजर," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "वेळेवर."

"जन्मात पहिल्यांदा वेळेवर लिहिलंत हो मला!" मावशी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. पलीकडे म्हातारे गालात हसत होते. त्यांना कितपत कळलं होतं कोण जाणे.

काकांनी पिशवी उचलली आणि आवाज न करता बाहेर आले. दार नुसतं लोटून घेतलं. जिन्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी मोबाईल काढला. तक्रारीचं पान उघडलं, कारण लिहायची जागा आली. यादीत होतं, तारेतला दोष, विजेचा दोष, ग्राहकाच्या उपकरणाचा दोष. त्यांना हवं होतं ते कारण यादीत नव्हतं. त्यांनी 'इतर' दाबलं आणि पुढे लिहिलं, 'राउटरची वेळ चुकीची होती. आपण बंद-चालू केल्याने दर वेळी पुन्हा चुकत गेली. ग्राहकाचं उपकरण चांगलं आहे. मागचा शेरा माझी चूक.' बोटं जाड, अक्षरं बारीक, दोनदा खोडावं लागलं.

मग शेवटचा प्रश्न आला. तो नेहमीच यायचा. 'राउटर बंद करून चालू केला का?' हो म्हटल्याशिवाय तक्रार बंद व्हायची नाही. आणि खोटं हो म्हणायचीही सोय नव्हती. कंपनीला तिकडे बसल्या जागी दिसायचं.

मोबाईल वाजला.

"काका, तुमची चौथी खेप अजून उघडीच दिसतेय," कंट्रोलवरच्या बाई म्हणाल्या. "लागलं का नेट?"

"लागलं."

"मग झालं तर! एकदा रिस्टार्ट मारा आणि आत्ताच क्लोज करा, चार दहाला यादी वर जाते. दोन मिनिटांचं काम."

दाराआडून मावशींचा आवाज येत होता. बस कशी रोज उशिरा यायची, ते त्या सांगत होत्या. मध्येच म्हाताऱ्यांचं एखादं वाक्य, मग दोघांचं हसणं.

"नाही मॅडम," काका म्हणाले. "आत्ता नाही करत."

"अहो काका, तुमच्या नावावर राहील ती! मी सांगितलंय ना तुम्हाला? आणि तुम्ही, रिस्टार्टकाका, तुम्हीच नाही म्हणताय?"

"राहू दे माझ्या नावावर."

त्यांनी 'नाही' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'तक्रार उघडी आहे.' काकांनी मोबाईल खिशात घातला, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. अजून सहा मिनिटं होती त्यांची.